भट्टीचे अडीच किलो

...अडीच किलो. बरोबर ऐकलंत. माझी पावाची भट्टी दिवसभरात जेवढी वीज खाते, तेवढी वीज करायला जहाजाला अडीच किलो तेल जाळावं लागतं, म्हणजे माणूस पिशवीत घालून एका हाताने घरी नेईल एवढं, आणि ते जहाज स्वतः किती पितं? दिवसाला पंचवीस टन. पंचवीस हजार किलो एका बाजूला, अडीच किलो दुसऱ्या बाजूला, आणि कुलूप लागलं कोणाला? भट्टीला! पितळी कुलूप, माझ्या मुठीएवढं, आणि किल्ली कप्तानसाहेबांच्या खणात. तुम्हाला सांगतो, खातंय कोण आणि ताट ओढतायत कोणाचं.

बसा, बसा, सावकाश ऐका. घाई करायची मी तरी सोडून दिलीय, आणि ती का सोडली तेही यातच येतं.

मी जहाजावर आचारी. प्रवाशांचं जहाज नव्हे हो, ते दिवे, तो नाच, ते पोहण्याचे तलाव, त्यातलं काही नाही. मालवाहू जहाज. पोटात कधी गहू, कधी खत, कधी लाकडाचे ओंडके, आणि पाठीवर मी सोडून एकवीस माणसं. बावीस वर्षं झाली, एकवीस माणसांना रोज सकाळी ताजा पाव. माणूस चार महिने पाणीच पाणी बघत असतो, त्याला सकाळी उठल्यावर पावाचा वास आला की त्याला वाटतं, जमीन अजून आहे कुठेतरी. हे मी म्हणत नाही, डेकवरचा रंगारी म्हणतो, आणि तो माणूस एरवी महिन्यातून तीन वाक्यं बोलतो.

आता समुद्रावर पाव करणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला घरबसल्या कळायचं नाही. घरी तुम्ही पीठ भिजवता, झाकून ठेवता, ते आपलं निवांत फुगतं. जहाजावर खाली ते इंजिन, तीन मजली, ते फिरायला लागलं की सगळं जहाज थरथरतं. भिंत थरथरते, खुर्ची थरथरते, दाढी करताना हनुवटी थरथरते. मग पिठाने काय करावं? ते फुगायला लागतं, थरथरतं आणि बसतं. भाजून निघतो तो पाव की वीट, असा प्रश्न. म्हणून मी एक युक्ती काढली. पिठाच्या परातीखाली घोंगडी घालायची, घडी करून. इंजिन जोरात असलं तर चार घड्या, बेताचं असलं तर दोन, हळू असलं तर एक. घोंगडी थरथर पिते आणि पीठ झोपतं शांत. आणि मला एक खोड आहे, लिहून ठेवायची. शाळा सातवीपर्यंतच, पुढचं सगळं पिठाच्या पोत्यांवरचं आणि औषधांच्या डब्यांवरचं वाचून वाचून शिकलो, पण वही एक दिवस चुकली नाही. तारीख, पीठ किती, पाणी किती, घड्या किती, फुगलं की बसलं, आणि कपातला चहा हिंदकळला की नाही. बास. बावीस वर्षांच्या एकतीस वह्या, खोक्यात, पलंगाखाली.

बायको म्हणते, “लोक बायकोला पत्रं लिहितात, आमचे हे पिठाची कुंडली लिहितात.”

तर झालं काय, कंपनीचं फर्मान आलं. हवा तापतेय, समुद्र तापतोय, जगातला बहुतेक माल समुद्रावरून जातो, तेव्हा जहाजांनी धूर कमी करायचा. कसा? हळू चालून. चौदा मैलांच्या जागी तासाला अकरा मैल. मला तर हे इतकं पटलं म्हणून सांगू... कारण आधी आम्ही काय करायचो? ऊर फुटेस्तोवर धावायचो, धुराचे लोट सोडत, आणि बंदराबाहेर पोचलो की कळायचं, आपल्या पुढे चाळीस जहाजं रांगेत. मग टाका नांगर आणि बसा पंधरा दिवस, माश्या मारत. हे म्हणजे दवाखान्यात पळत पळत जायचं, दम लागून खुर्चीवर पडायचं आणि नंबर पंच्याहत्तरावा. त्यापेक्षा सावकाश निघा, बेताने चाला, नंबर येईल तेव्हा पोचा. यात न कळण्यासारखं काय आहे?

आणि हळू चालायला लागलो ना आम्ही, काय सांगू तुम्हाला, जहाजाचा स्वभावच बदलला. थरथर गेली. ताटं वाजायची थांबली. घोंगडीची एकच घडी, आणि पीठ असं फुगायला लागलं, असं फुगायला लागलं की परातीबाहेर डोकावून बघायचं. पाव इतके हलके की रंगारी चौथं वाक्य बोलला. आणि तेलही बत्तीस टनांवरून सतरावर आलं. जवळपास निम्मं! कंपनी खूश, कप्तान खूश, समुद्र खूश असावा, त्याला कोणी विचारलं नाही.

पण एकदा काय झालं, एका बंदराबाहेर कितीही हळू गेलो तरी नंबरच येईना. चाळीस दिवस नांगर टाकून बसलो. उथळ पाणी, कोमट, पाय सोडून बसावं असं. ते कोमट पाणी लक्षात ठेवा, पुढे लागेल. तिथून निघालो, तेच अकरा मैल, तोच समुद्र, आणि तेल? सतराचं पंचवीस! रोजचे आठ टन कुठे जातायत कोणाला कळेना. तेव्हा कंपनीने धाडल्या बचतबाई.

नाव मीच ठेवलं, मनातल्या मनात. पस्तिशीच्या, चष्मा, हातात वीज मोजायचं यंत्र, पाठीवर लॅपटॉप, आणि स्वभावाने इतक्या गोड की राग यायची सोय नाही. आल्या त्या दिवशी माझे चार पाव खाल्ले आणि म्हणाल्या, “आचारीकाका, असा पाव मी जन्मात खाल्ला नाही.” तिसऱ्या दिवशी तेच यंत्र घेऊन भट्टीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. पाव खात खात!

त्यांचीही चूक नव्हती म्हणा. त्यांना कंपनीने सांगितलेलं, जहाजावर बचतीच्या वीस गोष्टी शोधा. वीस म्हणजे वीस, एकोणीस चालणार नाहीत. मोठ्या गोष्टींचं कारण दोन मोठ्या साहेबांनी आधीच लिहून दिलेलं. कप्तानसाहेबांनी लिहिलं, तेल जास्त लागतंय, कारण समोरचा वारा. खालचे चीफसाहेब, म्हणजे इंजिनाचे मुख्य, त्यांनी लिहिलं, कारण समोरचा प्रवाह. झालं, त्या रकान्यावर बरोबरची खूण. मग बाईंना उरलं काय? जिन्यातले दिवे, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र (ते कोणाचं होतं हे शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही), चहाची किटली, चीफसाहेबांचा पंखा... असं करत करत एकोणीस झाल्या. विसावी सापडेना. दोन दिवस त्या जहाजभर फिरल्या, नाक वर करून. आणि नाक त्यांना घेऊन आलं माझ्याकडे.

“आचारीकाका, मला खरंच वाईट वाटतं हो,” असं म्हणाल्या, आणि तोंडात पाव होता.

कुलूप लागलं. पुढच्या बंदरात वीजमिस्त्री येणार, भट्टी काढून नेणार, आणि तिच्या जागी एक फडताळ, त्यात पाकिटातला पाव, सहा महिने टिकणारा. सहा महिने टिकतो तो पाव कसला हो? तो जोडा. आणि भट्टीच नाही तर पाव करणारा आचारी कशाला, पाकीट फाडायला कोणीही चालतो, हे मला कोणी बोललं नाही, पण मला कळत नाही का? बंदर नऊ दिवसांवर. म्हणजे भट्टीचे नऊ दिवस, माझेही तेवढेच. आठ हजार किलो शोधायला निघाले आणि अडीच किलो धरून आणले. तुम्हाला सांगतो, खातंय कोण आणि ताट ओढतायत कोणाचं.

पहिल्या दिवशी सकाळी मी बिस्किटं वाढली. एकवीस माणसं. नुसतं कुडुम कुडुम. रंगाऱ्याने बिस्किट उचललं, टेबलावर आपटून पाहिलं, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं घरात कोणी आजारी आहे. बचतबाईंनीही बिस्किट खाल्लं. दोन वाजता त्या गुपचूप येऊन विचारतात, “काका, कालचा एखादा उरला असेल का?” मी म्हटलं, बाई, उरतो तो पाव माझा नसतो.

दुपारी घरी फोन लावला. म्हटलं, बायकोला सांगून मन हलकं करावं.

“अगं, भट्टी काढतायत.”

“कुठली भट्टी? घरी तर तुम्ही कधी पाव भाजलेला मला आठवत नाही.”

“जहाजावरची गं. म्हणतात तेल जास्त जातं.”

“मग जातं का?”

“छे! अडीच किलो.”

“मग बाकीचं कुठे जातं?”

“ते मला काय माहीत?”

“अहो, बावीस वर्षं रोज लिहिताय. माझा वाढदिवस विसरता पण पिठाचं बारसं विसरत नाही. कधी लिहिलेलं एकदा वाचून तरी बघावं माणसाने.”

आणि फोन ठेवला तिने. फोन ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

मी रागारागाने खोकं ओढलं. म्हटलं, वाचतोच. ताजी वही काढली, नांगर टाकला होता त्याच्या आधीची पानं. घड्या एक, फुगलं, चहा स्थिर. घड्या एक, फुगलं, चहा स्थिर. पानामागून पान. मग ते चाळीस दिवस, इंजिन बंद, घोंगडी पलंगावर, मी तिच्यावर. मग निघालो. घड्या एक, बसलं. घड्या दोन, बसलं. घड्या तीन, फुगलं. तेव्हापासून रोज तीन. तीन!

अहो, तीन घड्या कधी लागतात? आम्ही जवळपास पूर्वीच्या जोरात धावतो तेव्हा. म्हणजे खाली इंजिन धावतंय जोरात, आणि जहाज चालतंय हळू. आणि पुढच्या रकान्यात काय? चहा स्थिर. चहा स्थिर. चहा स्थिर. अहो कप्तानसाहेब, समोरून एवढा वारा असता तर लाटा आल्या असत्या, लाटा आल्या असत्या तर माझा चहा बशीत आला असता! तो तर तळ्यासारखा!

मी स्वतःच लिहिलं होतं हे, माझ्या हाताने, रोज. आणि घोंगडीला तिसरी घडी घालताना मी काय म्हणत होतो माहीत आहे? “यीस्ट खराब आलं वाटतं यंदा.”

आता तुम्ही विचाराल, हे त्या दोन साहेबांना कसं कळलं नाही? वर बसणाऱ्याला वेग कळतो, खाली बसणाऱ्याला इंजिनाचे फेरे कळतात, दोघांनी एका टेबलावर बसून पाच मिनिटं बोललं की झालं. हो, पण बोलत कोण होतं! दोन महिने दोघांचा अबोला. कारण ऐका. चीफसाहेबांनी डेकवर डब्यात टोमॅटोचं रोप लावलेलं. त्याला पहिलं फूल आलं. आणि कप्तानसाहेबांनी डेक धुवायला लावला, समुद्राच्या पाण्याने. खारं पाणी! रोप दोन दिवसांत मान टाकून गेलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, तीन मजली इंजिन एका हाताने चालवणारा, तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणतो, “आचारीबुवा, फूल आलं होतं हो त्याला.” तेव्हापासून कप्तान वरती जेवणार, चीफ खालती जेवणार, आणि ताटं घेऊन चार जिने वर, पाच जिने खाली कोण? मी.

निरोपही मीच. वरून, “त्यांना सांगा, मला अकरा मैल मिळत नाहीयेत, फेरे वाढवा.” खाली गेलो की, “त्यांना सांगा, वाढवले, आणि जरा मार्ग नीट आखा, प्रवाहातून कशाला नेताय?” वर, “त्यांना सांगा, इंजिन म्हातारं झालंय.” खाली, “त्यांना सांगा, इंजिन नाही झालेलं.” मी ताट सांभाळत हे सगळं इकडून तिकडे नेत होतो, वरचं खाली, खालचं वर, आणि मधल्या जिन्यात सार सांडू नये एवढंच डोक्यात. म्हणजे जहाजावर दोन्ही गोष्टी ठाऊक असणारा माणूस एकच होता, आणि तो साराकडे बघत होता.

वही घेऊन आधी वर गेलो. कप्तानसाहेब उंच, आवाज मऊ, कधी चिडत नाहीत, म्हणूनच भीती वाटते. म्हणाले, “आचारी, जहाजशास्त्रात घोंगडी नसते.” खाली गेलो. चीफसाहेब म्हणाले, “बुवा, फेरे किती आहेत ते मला माहीत आहे, मीटर आहे माझ्याकडे. ते मैल किती काढतात ते त्यांना विचारा.” म्हटलं, तुम्हीच विचारा ना. तर म्हणतात, “टोमॅटोला विचारून सांगतो.”

बंदर तीन दिवसांवर आलं. मग मी एक खोटं बोललो. बावीस वर्षांत पहिलं. बरं, दोन बोललो. कप्तानसाहेबांना जाऊन सांगितलं, चीफसाहेबांना तुमची माफी मागायचीय, उद्या दुपारी खाली जेवायला या. आणि चीफसाहेबांना जाऊन सांगितलं, कप्तानसाहेबांना रोपाबद्दल माफी मागायचीय, उद्या दुपारी वर जेवायला या. दोघे आले जेवणघरात, मधल्या मजल्यावर. बचतबाई आधीच बसलेल्या, त्यांना मी लॅपटॉप आणायला सांगितलेला. दोघे समोरासमोर बसले. मी सार वाढलं. कोणी चमचा उचलेना.

“हं,” कप्तानसाहेब म्हणाले, फार मोठ्या मनाने, “बोला.”

“तुम्ही बोला,” चीफसाहेब म्हणाले, त्याहून मोठ्या मनाने.

“नाही, नाही. आधी तुम्ही. मी ऐकून घेतो.”

“मीही ऐकूनच घ्यायला आलोय.”

सार थंड झालं. बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. मी मनात म्हटलं, आता हे उठणार, आणि उठले की आपली भट्टी गेली. तेव्हा मी फुगलेल्या पिठाची परात आणली आणि ठेवली टेबलाच्या मधोमध. घोंगडी न घालता. म्हटलं, साहेब, जरा इकडे बघा. आणि तुम्हाला सांगतो, आम्ही चार माणसं, शिकलेली, सवरलेली, निदान तिघं तरी, ती परातीत डोकं घालून पीठ बघत बसलो. दोन मिनिटं काही नाही. मग ते थरथरायला लागलं. गोल गोल कडं उठलं मधून. आणि मग सुस्कारा टाकावा तसं ते हळूच... बसलं.

“हे किती फेऱ्यांना बसतं?” बाईंनी विचारलं.

“एवढ्या झटकन? ऐंशीच्या वर,” मी म्हटलं.

“आत्ता मिनिटाला शहाऐंशी आहेत,” चीफसाहेब म्हणाले, पिठाकडे बघतच.

“आणि वेग अकरा आहे,” कप्तानसाहेब म्हणाले, तेही पिठाकडे बघतच.

बाईंनी दोन आकडे शेजारी शेजारी टाइप केले. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते शेजारी बसले, आकडेही आणि माणसंही. बाई म्हणाल्या, “पण अकरा मैलांना सत्तर फेरे पुरतात.” मग मी वही उघडली आणि वाचून दाखवलं, चहा स्थिर, चहा स्थिर, चहा स्थिर. वारा नाही. प्रवाह रोज दिवसभर समोरूनच कसा असेल? मग धरून ठेवलंय तरी कोणी आपल्याला?

आणि कप्तानसाहेबांनी, तुम्हाला खोटं वाटेल, टेबलाखाली वाकून बघितलं. मग चीफसाहेबांनीही बघितलं. आणि तिथे, टेबलाखाली, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दोघे एकदम म्हणाले, “बूड!”

आलं का ध्यानात? ते कोमट पाणी, ते चाळीस दिवस. आम्ही वर माश्या मारत होतो तेव्हा खाली जहाजाच्या बुडाला वस्ती होत होती.

बंदरात पोचलो त्या सकाळी एकाच वेळी दोन माणसं आली. एक पाणबुड्या, तो गेला खाली पाण्यात. एक वीजमिस्त्री, तो आला माझ्या स्वयंपाकघरात, कारण कंपनीचा कागद त्याच्या हातात होता, भट्टी काढू नका असं बाईंनी कंपनीला कळवलेलं, पण उत्तर नव्हतं आलं. भट्टी चार बोल्टांवर. त्याने पाना काढला. मी म्हटलं, चहा घ्या. घेतला. म्हटलं, अजून घ्या. घेतला. तिसऱ्यांदा म्हणतो, “काका, किती चहा पाजाल, मला चार ठिकाणी जायचंय.” एक बोल्ट सुटला. मी डेकवर जाऊन वाकून बघितलं, पाण्यावर नुसते बुडबुडे. परत आलो, दुसरा सुटला. पुन्हा डेकवर, बुडबुडे. म्हटलं, हा पाणबुड्या खाली जेवायला बसलाय की काय. तिसरा सुटला. आणि वरून रंगाऱ्याचा आवाज आला, त्या माणसाचा, महिन्यातून तीन वाक्यांवाल्याचा, “अहो आचारी, पळा, पळा, आला वर!”

पाणबुड्याने तोंडावरची काच काढली, हातातली पिशवी डेकवर उपडी केली. शिंपले, शेवाळ, बोटभर लांबीचे कसले कसले जीव, एकाला एक चिकटून. तो म्हणाला, “जहाज कुठे आहे तुमचं? मला नुसती बागच दिसली.” नखभर जागा मोकळी नव्हती म्हणे. जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा दाढी. दोन दिवस यंत्राच्या ब्रशाने घासत होते, आणि घासलेलं सगळं पिशव्यांत भरत होते, परत पाण्यात नको म्हणून. एकोणतीस पोती निघाली! एकोणतीस पोती घेऊन आम्ही समुद्र ओढत होतो, रोज आठ टन तेल त्या शिंपल्यांना फिरवून आणण्यात जात होतं, फुकट प्रवास, जेवणखाणासकट, आणि कुलूप माझ्या भट्टीला. तुम्हाला सांगतो, खातंय कोण आणि...

जाऊ दे. त्या सकाळी वीजमिस्त्री चौथ्या बोल्टावर पाना लावून उभा होता, तेव्हा बाई धावत आल्या, कंपनीचं उत्तर नाचवत. किल्ली कप्तानसाहेबांनी स्वतः आणून दिली. मिस्त्रीने तीन बोल्ट परत बसवले... खरं म्हणजे दोनच, एक सापडला नाही. म्हणून भट्टी अजून जरा वाजते. वाजू दे.

बंदरातून निघालो. अकरा मैल. सत्तर फेरे. घोंगडी एक घडी. सोळा टन! आधीच्याहून एक टन कमीच. पहाटे... पहाटे म्हणजे उजाडल्यावर हो, साडेसहाला, पावाचा वास जिन्यात गेला आणि एकवीस माणसं बिनबोलावता खाली. बचतबाई धरून बावीस. बाईंनी पाच खाल्ले. त्यांच्या यादीत विसावी गोष्ट आली ‘बूड’, आणि ती त्यांनी पहिल्या नंबरावर नेली, बाकीच्या एकोणीस पुसल्या. किटली परत, इस्त्री परत, केस वाळवायचं यंत्र जेवणघराच्या टेबलावर ठेवलं, ते दुपारपर्यंत आपोआप नाहीसं झालं. कप्तानसाहेबांनी बंदरातून टोमॅटोचं रोप आणलं आणि चीफसाहेबांच्या जागेवर ठेवलं. चीफसाहेब म्हणाले, “त्यांना सांगा, गोडं पाणी घालावं लागतं.” आणि कप्तान समोरच बसलेले! मी म्हटलं, तुम्हीच सांगा, मी आता साराकडे बघणार आहे.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण बाईंनी अहवाल लिहिला. मनापासून लिहिला. कंपनीच्या कचेरीत तो वाचून लोक इतके खूश झाले, इतके खूश झाले, की फर्मानच निघालं. चौदाच्या चौदा जहाजांवर रोज पीठ ठेवायचं, तीन वेळा, घोंगडीच्या घड्या मोजायच्या, चहा बघायचा, आणि सगळं पत्रकात भरायचं. पत्रकाला रकाने एकतीस. घोंगडीचा रंगसुद्धा विचारलाय! तेरा जहाजांचे तेरा आचारी मला फोन करतात. “तूच ना रे तो घोंगडीवाला?” इथून सुरुवात होते, पुढचं मी सांगत नाही, बायकामाणसं बसलीत. आणि त्यांच्या पत्रकांची बेरीज कोणी करायची? माझ्या छातीला हिरवा बिल्ला लावून मला करून टाकलंय बचतप्रमुख. सकाळी सहाला बसतो मी रकाने भरायला, तो दुपार होते.

मग पाव कोण करतं?

चीफसाहेब. म्हणाले, “बुवा, तुम्ही लिहा, मला जरा गंमत वाटते.” आणि त्या गृहस्थाने काय करावं? जुन्या पंपाच्या स्प्रिंगा काढल्या, त्यावर परात बसवली, आणि ती नेऊन ठेवली चिमणीजवळच्या कपाटात, जिथे इंजिनाची ऊब नाहीतरी फुकट वर जाते. घोंगडी नाही, घडी नाही, काही नाही. पीठ आधीच गरम, म्हणून भट्टीतही निम्माच वेळ. अडीच किलोचे सव्वा किलो झाले.

बायकोला सांगितलं, तर इतकी हसली की फोन ठेवायचं विसरली. म्हणाली, “म्हणजे आता तुम्ही कारकून आणि तो आचारी. मग घरी त्यांनाच पाठवा सुट्टीला, निदान पाव तरी मिळेल.”

लिहितोय कोण आणि भाजतंय कोण... असो. तक्रार नाही माझी. धूर कमी झालाय, समुद्र जरा बरा दिसतो, साहेब बोलतायत, टोमॅटोला दोन फुलं आलीत. दुःख एवढंच आहे की चीफसाहेबांचा पाव माझ्यापेक्षा जास्त फुगतो, आणि तशी नोंद करायला एक रकाना आहे, एकोणतिसावा, आणि तो मलाच भरावा लागतो. रोज. तीन प्रतींत.